पंचेचाळीस मिनिटांची पारख

पुण्यात बाणेर, वाकड, खराडी या भागांतल्या घरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक वाक्य रुळले आहे : ‘सध्या प्रिपरेशन चालू आहे.’ मुलगा नोकरीत असतो, पगार बरा असतो, लग्नही झालेले असते. तरी रात्री दहानंतर तो लॅपटॉप उघडून गणितासारखे काहीतरी सोडवत बसतो. परीक्षा तर केव्हाच संपल्या, मग हे काय, असा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना पडतो. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन किंवा त्यांच्या पंगतीतल्या एखाद्या कंपनीची मुलाखत, हे त्याचे उत्तर. ही मुलाखत आपल्या ओळखीच्या मुलाखतीसारखी नसते. ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘आमच्याकडेच का यावेसे वाटते’ हे प्रश्न तिथे तोंडी लावण्यापुरते. खरा मामला ४५ मिनिटांच्या चार-पाच सत्रांचा, आणि त्यांतल्या बहुतेक सत्रांत एकच काम : पूर्वी न पाहिलेले कोडे कुणाच्या तरी डोळ्यांसमोर सोडवून दाखवायचे.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे आणि या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. अलीकडे बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या बाजूला असतो. ही चाळणी नेमके काय चाळते, कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, याचा शोध घ्यावा असे वाटू लागले, आणि त्यासाठी तिचा इतिहास व तिच्यावर झालेले संशोधन वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

मुलाखतीचा दिवस

आधी क्रम सांगतो. सुरुवात भरती करणाऱ्या व्यक्तीच्या फोनने होते. मग संगणकावरची एक चाचणी, साधारण दीड तासाची. त्यातून पार पडलात की चार-पाच सत्रे, बऱ्याचदा एकाच दिवशी. पूर्वी ही सत्रे कंपनीच्या कचेरीत, भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर होत. करोनाच्या साथीनंतर ती बहुतांशी पडद्यावर आली.

सत्रांचे प्रकार तीन. पहिला कोडिंगचा : एक प्रश्न, त्याची रीत शोधा आणि प्रोग्रॅम लिहा. दुसरा रचनेचा, ज्याला ‘सिस्टिम डिझाइन’ म्हणतात. राज्यभरच्या एसटीचे आरक्षण एकाच प्रणालीवर करायचे आहे, गणपतीच्या आठवड्यात कोकणच्या गाड्यांवर लाखो लोक एकदम तुटून पडतात, एकच आसन दोघांना विकले जाता कामा नये. तर ही प्रणाली कशी बांधाल? असा तो प्रश्न असतो. त्याला एक उत्तर नसते. तिसरा प्रकार स्वभावाचा : सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा काय केलेत, हातातले काम फसले तेव्हा कसे सावरलेत. ॲमेझॉनने यासाठी ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’ नावाची तत्त्वे ठरवून ठेवली आहेत. आधी ती १४ होती, २०२१ मध्ये १६ झाली. शिवाय तिथे १९९९ पासून ‘बार रेझर’ नावाची प्रथा आहे. ज्या टीमला माणूस हवा आहे, तिच्या बाहेरचा एक अनुभवी मुलाखतकार बसवतात. टीमला माणसाची घाई असते, याला नसते. म्हणून त्याच्या मताला विशेष वजन.

सत्र संपले की प्रत्येक मुलाखतकार आपला अहवाल स्वतंत्रपणे लिहितो. प्रश्न समजला का, रीत सुचली का, प्रोग्रॅम नीट लिहिला का, संवाद कसा होता, असे रकाने असतात. शेवटी ‘नक्की घ्यावे’पासून ‘मुळीच घेऊ नये’पर्यंतच्या पायऱ्यांवर एक खूण. गूगलमध्ये तर मुलाखत घेणारे निर्णय देतच नाहीत; उमेदवाराला कधीही न भेटलेली एक समिती हे कागद वाचून ठरवते. भेटीतल्या आवडीनिवडीचा, ओळखीपाळखीचा परिणाम निकालावर होऊ नये, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे पेपर तपासणाऱ्याला परीक्षार्थीचे नाव कळू देत नाहीत, तसेच काहीसे.

हा प्रघात आला कुठून

नोकरी देण्यापूर्वी कोडी घालण्याची हौस जुनी आहे. १९२१ मध्ये थॉमस एडिसनने आपल्याकडे नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे १५० प्रश्नांची यादी केली होती. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत, अशा छापाचे ते प्रश्न होते. यादी वर्तमानपत्रांत फुटली आणि देशभर तिची चर्चा झाली. त्याच सुमारास अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला कुणीतरी ध्वनीचा वेग विचारला. पुस्तकात सहज सापडणारी गोष्ट मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. या मुलाखतींवरचा वाद तेव्हापासून फारसा पुढे सरकलेला नाही.

संगणकाच्या धंद्यात ही प्रथा दोन वाटांनी आली. पहिली वाट विल्यम शॉकलीची. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी नोबेल मिळालेल्या या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे प्रयोगशाळा काढली. तो उमेदवारांना मानसशास्त्रीय चाचण्यांना पाठवी आणि हातात घड्याळ धरून कोडी घाली. १२७ खेळाडूंची टेनिस स्पर्धा आहे, हरला तो बाहेर. विजेता ठरेपर्यंत किती सामने होतील? फेऱ्या मांडत बसलात तर वेळ जातो. प्रत्येक सामन्यात एकच जण बाद होतो आणि १२६ जणांना बाद व्हायचे आहे, हे लक्षात आले की १२६ हे उत्तर समोर उभे राहते. इतक्या कसोशीने निवडलेल्या माणसांपैकी आठ जण १९५७ मध्ये शॉकलीच्या कारभाराला कंटाळून एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभी केली. त्यांतल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. शॉकलीची चाचणी हुशार माणसे ओळखण्यात कमी पडली नव्हती. त्या माणसांना नांदवायचे कसे, हे तिच्या कक्षेबाहेरचे होते.

दुसरी वाट आयबीएमची. प्रोग्रॅमर म्हणजे काय हेच ठरलेले नव्हते, त्याचे शिक्षण देणारी महाविद्यालये नव्हती आणि माणसे तर हजारोंनी हवी होती. १९५५ मध्ये आयबीएमने प्रोग्रॅमरची योग्यता मोजणारी एक चाचणी आणली. अंकमालिका, आकृत्यांतले साम्य, अंकगणिताची उदाहरणे असे तिचे स्वरूप. पुढची बरीच वर्षे अमेरिकेतल्या असंख्य कंपन्यांनी ती वापरली. ज्यांनी शाळा-कॉलेजात गणित अधिक केले त्यांना ती धार्जिणी होती, आणि त्या काळात ते बहुधा पुरुष असत, असे इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी दाखवले आहे. पहिल्या संगणकांपैकी एक असलेल्या एनिॲकचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या, हे इथे आठवावे.

मायक्रोसॉफ्टने शॉकलीची वाट हमरस्त्यासारखी रुंद केली. रस्त्यावरच्या गटाराची झाकणे गोल का असतात, हा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रश्न. गोल झाकण कसेही फिरवले तरी आपल्या भोकातून आत पडत नाही, चौकोनी झाकण तिरके धरले तर पडू शकते, हे उत्तर. प्रश्न चांगला होता. पण तो गाजला आणि त्यातला जीव गेला. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने आता विचार करण्याचा अभिनय तेवढा करायचा. गूगलनेही सुरुवातीला हाच सोस केला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या महामार्गावर त्यांनी नाव न लिहिता एक फलक लावला : ‘ई’ या गणिती स्थिरांकाच्या ओळीने येणाऱ्या अंकांत सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा. ७४२७४६६३९१ हे उत्तर शोधणाऱ्याला पुढचे कोडे मिळे आणि ते सोडवणाऱ्याला नोकरीच्या अर्जाचे आमंत्रण. पण २०१३ मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी उघडपणे सांगितले की डोके खाजवायला लावणारी ही कोडी निव्वळ वेळेचा अपव्यय होती; त्यांवरून कामाचा काही अंदाज येत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्याचे समाधान मिळते.

आपल्याकडच्या वाचकांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर इंजिनिअरिंग कॉलेजांत कॅम्पस मुलाखती सुरू झाल्या तेव्हा वसतिगृहांत शकुंतलादेवींचे कोड्यांचे पुस्तक आणि आर. एस. अगरवाल यांचा अंकगणिताचा जाडजूड ग्रंथ हातोहात फिरत असे. इन्फोसिसच्या लेखी परीक्षेसाठी कोडी, दुसऱ्या कुणासाठी इंग्रजी समानार्थी शब्दांच्या याद्या, अशी पाठांतरे चालत. परदेशी कंपन्यांच्या विकासकेंद्रांबरोबर (मायक्रोसॉफ्टचे हैदराबादला १९९८ मध्ये, गूगलचे बंगळूर आणि हैदराबादला २००४ च्या सुमारास) कोडिंगची मुलाखत आली आणि कोड्यांच्या पुस्तकाची जागा प्रोग्रॅमच्या प्रश्नसंचांनी घेतली.

एक प्रश्न उलगडून पाहू

कोडिंगचा प्रश्न म्हणजे काय, हे तंत्राशी संबंध नसलेल्या वाचकालाही समजावे म्हणून सर्वांत साध्यांपैकी एक घेतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यांत ‘पारख’ हा शब्द आहे का, हे पाहायचे आहे. पहिल्या पानापासून एकेक शब्द वाचत गेलात तर ६०,००० वेळा पाहावे लागू शकते. तसे कुणी करत नाही. कोश मधोमध उघडा. समोर ‘ध’ आला, तर ‘प’ पुढे आहे. अलीकडचा अर्धा कोश बाद. उरलेला पुन्हा मधोमध उघडा. दर वेळी निम्मे बाद होत असल्याने ६०,००० शब्दांत जास्तीत जास्त १६ वेळा पाहून काम भागते. १० लाख शब्द असते तर २० वेळा, १०० कोटी असते तर ३० वेळा. या रीतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. संगणकात काहीही शोधण्याच्या विद्येचा हा श्रीगणेशा.

रीत दोन मिनिटांत समजते. ती बिनचूक लिहिणे ही वेगळी गोष्ट. कोश रिकामा असेल तर? एकच शब्द असेल तर? शब्द नेमका पहिला किंवा शेवटचा असेल तर? शोधायच्या भागाची सीमा एका घराने चुकली तर यंत्र त्याच दोन शब्दांमध्ये जन्मभर फिरत राहते. ही रीत १९४६ मध्ये प्रथम मांडली गेली, पण कुठल्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी आवृत्ती १९६२ पर्यंत छापली गेली नव्हती, असे डोनल्ड नुथ यांनी नोंदवून ठेवले आहे. जॉन बेंटली या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या शिकवण्यांमध्ये व्यावसायिक प्रोग्रॅमरांना हाच प्रश्न देऊन पाहिला. वेळ दिला दोन-दोन तास. बिनचूक लिहू शकले सुमारे दहा टक्के.

गोष्ट इथे संपत नाही. बेंटलीने आपल्या पुस्तकात हा प्रोग्रॅम लिहून तो बरोबर असल्याचे तर्काने सिद्ध करून दाखवले. त्यांचे विद्यार्थी जोशुआ ब्लॉख यांनी तोच धागा धरून जावा या भाषेच्या संग्रहात बायनरी सर्च लिहिला. जगभरच्या बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या तो वापरत होत्या. २००६ मध्ये, तेव्हा गूगलमध्ये असलेल्या ब्लॉख यांनीच जाहीर केले की त्यात सुमारे नऊ वर्षे एक चूक दबून होती, आणि बेंटलीच्या सिद्ध केलेल्या प्रोग्रॅममध्येही तीच होती. चूक अशी : मधले घर काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून निम्मी करायची. पण त्या खात्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. यादी १०० कोटींच्या पलीकडे गेली की बेरीज त्याहून मोठी होऊ शकते, खाते ओसंडते आणि उत्तर ऋण येते. उपाय अगदी साधा : दोन टोकांतले अंतर निम्मे करा आणि ते खालच्या टोकात मिळवा.

आता मुलाखतीकडे वळू. हा प्रश्न मी विचारला आणि समोरच्याने पाच मिनिटांत, खाते ओसंडण्याच्या बारकाव्यासह, अचूक प्रोग्रॅम लिहिला, तर त्यातून मला काय कळले? त्याने तो आधी पाहिला होता, एवढेच. जे या विद्येतल्या धुरीणांच्या नजरेतून वर्षानुवर्षे सुटले ते कुणालाही पाच मिनिटांत जागच्या जागी सुचत नसते. दुसरा उमेदवार चाळीस मिनिटे धडपडतो, दोनदा सीमा चुकवतो, स्वतःच उदाहरण घेऊन चूक पकडतो, दुरुस्त करतो. रोजच्या कामात मला हा दुसरा माणूस हवा असतो, कारण आमचे निम्मे आयुष्य चुका शोधण्यात जाते. अहवालाच्या रकान्यांत मात्र पहिल्याला अधिक गुण पडतात.

कंपनीचे गणित

हे कंपन्यांना कळत नाही का? चांगलेच कळते. निवडीत दोन प्रकारच्या चुका होतात. अयोग्य माणूस घेतला जातो, किंवा योग्य माणूस नाकारला जातो. पहिल्या चुकीची किंमत डोळ्यांना दिसते : पगार, टीमचा गेलेला वेळ, बिघडलेले काम आणि शेवटी त्याला काढण्याचा कटू प्रसंग. दुसऱ्या चुकीला कंपनीच्या वहीत रकानाच नाही. नाकारलेला माणूस घरी जातो, दुसरीकडे लागतो, आणि त्याच्याविना कंपनीचे काय नुकसान झाले हे कुणी मोजत नाही. बॉक यांच्याच म्हणण्यानुसार गूगलकडे वर्षाला २० लाखांहून अधिक अर्ज येत. इतकी रांग दाराशी असताना चाळणी बारीक ठेवणे कंपनीला परवडते. एक गेला तर पुढचा उभाच आहे.

म्हणून नकाराचा अर्थ ‘तू अयोग्य आहेस’ असा लावणे चूक ठरते. ‘आम्हाला धोका पत्करायचा नव्हता’ एवढाच तो अर्थ. २००८ मध्ये, गूगलमध्ये काम करत असताना, स्टीव्ह येगी यांनी लिहिले होते की कंपनीतल्या प्रत्येक माणसासाठी त्याच कंपनीत असा एक मुलाखतकारांचा संच निघेल जो त्याला नाकारील. तिथे २५० हून अधिक मुलाखती घेतलेल्या मोइशे लेट्विन यांनी एका भाषणात सांगितलेला किस्सा याला पुष्टी देतो. भरती करणाऱ्याने समितीपुढे काही जुने अहवाल नावे झाकून ठेवले. समितीने नकार दिला. ते अहवाल समितीच्या सदस्यांचेच, त्यांच्या स्वतःच्या मुलाखतींचे होते.

संशोधन काय सांगते

निवडपद्धतींवर मानसशास्त्रात शंभर वर्षे संशोधन होत आले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा ताळेबंद मांडला. चाचणीचे गुण आणि नंतरचे काम यांच्यातला संबंध ० ते १ या मापावर मोजायचा : ० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत. गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीचा आकडा ०.३८ निघाला, सर्वांना तेच प्रश्न आणि तेच निकष असलेल्या बांधीव मुलाखतीचा ०.५१. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या हिशेबातल्या त्रुटी दुरुस्त केल्या तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. बांधीव मुलाखत सर्वांत वर राहिली, पण ०.४२ वर. संख्याशास्त्राच्या भाषेत, माणसामाणसांच्या कामातल्या फरकापैकी जेमतेम १८ टक्के भाग तिच्यावरून उलगडतो. बाकीचा मोठा भाग वरिष्ठ कसा मिळाला, टीम कशी होती, घरी काय चालले होते अशा गोष्टींत दडलेला असतो.

२०२० मधला एक छोटा प्रयोग मला अधिक अस्वस्थ करून गेला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट इथल्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना एकच कोडिंगचा प्रश्न दिला. निम्म्यांनी तो मुलाखतकारासमोर, मोठ्याने विचार सांगत, फळ्यावर सोडवायचा. निम्म्यांनी तोच प्रश्न तशाच फळ्यावर, पण खोलीत एकट्याने. समोर माणूस बसला एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. मुलाखतकारासमोर बसलेल्या एकाही विद्यार्थिनीला प्रश्न सुटला नाही. एकट्या बसलेल्या सगळ्या विद्यार्थिनींना सुटला. मुलींची संख्या थोडी होती, त्यामुळे यावरून मोठा सिद्धांत मांडू नये. पण प्रोग्रॅमिंग येते का, हे पाहण्यासाठी केलेली चाचणी आणि कुणी पाहत असताना घाबरता का, हे पाहणारी चाचणी या दोहोंची सरमिसळ झाली आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

मोठ्याने विचार करणे

इथे आपल्या मुलांचा प्रश्न येतो. मुलाखतीतली पहिली सूचना असते : ‘थिंक अलाउड’, मनातला विचार बोलून दाखवा. अमेरिकेतल्या वर्गात वाढलेल्याला ही सवय असते. आपल्याकडे दहावी-बारावीपर्यंत ‘तोंडाला कुलूप लावून गणित सोडवा’ असेच सांगितले जाते. उत्तर पक्के झाल्याशिवाय हात वर केला तर हसे होते. त्यात बोलायचे इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, नंतर तालुक्याच्या कॉलेजातून आलेला मुलगा एका वेळी तीन कामे करत असतो : कोडे सोडवणे, मराठीतला विचार इंग्रजीत आणणे आणि गप्प राहण्याची बारा वर्षांची सवय मोडणे.

असा एक मुलगा मला आठवतो. मराठवाड्यातून आलेला होता. पंचवीस मिनिटे तो जवळजवळ एक शब्द बोलला नाही, कागदावर आकृत्या काढत राहिला, आणि मग त्याने जे लिहिले ते माझ्याजवळच्या आदर्श उत्तरापेक्षा आटोपशीर होते. मी ‘घ्यावे’ असे लिहिले. बाकीच्या दोघांच्या अहवालांत ‘संवाद कमी पडला’ अशी नोंद होती. चर्चेत मी त्याची बाजू मांडली. नियमाप्रमाणे शंका असेल तर नकार, आणि नकारच गेला. अशा नकारांना वहीत रकाना नाही असे वर म्हटले ते आकडेमोड म्हणून ठीक आहे. त्या दिवशी त्याला चेहरा होता.

दुसरी अडचण वेळेची. गेल मॅकडॉवेल यांचे या मुलाखतींवरचे पुस्तक २००८ मध्ये आले. त्याच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न सोडवून दाखवले आहेत. लीटकोडसारख्या सरावाच्या ठिकाणी आज हजारो प्रश्न आहेत, आणि कोणत्या कंपनीत कोणता प्रश्न सध्या विचारतात याची यादी पैसे भरून मिळते. ही तयारी तीन ते सहा महिने, रोज दोन तास चालते. एकटा राहणारा चोवीस वर्षांचा मुलगा हा वेळ काढतो. लहान मूल आणि आजारी सासू सांभाळून नोकरी करणारी बाई तो कुठून काढणार? दोघांची कामातली योग्यता समान असली तरी चाळणीत त्यांचे वजन वेगळे भरते. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे : जे माप उद्दिष्ट होऊन बसते ते चांगले माप उरत नाही. सीईटी आणि स्पर्धापरीक्षांच्या क्लासेसवर पोसलेल्या आपल्या शहरांना हा नियम वेगळा समजावून सांगायला नको.

तरीही या पद्धतीची एक बाजू मला सोडवत नाही. आडनाव, गाव, कॉलेज, ओळख यांपैकी काहीही न विचारता ‘हा प्रश्न सोडव’ असे म्हणणारी ही चाचणी वशिल्याच्या जागी आलेली आहे. ती नसती तर दार नामवंत कॉलेजांच्या आणि ओळखीवाल्यांच्या मुलांपुरतेच उघडे राहिले असते. कुणाचीही ओळख नसताना, फुकट मिळणाऱ्या प्रश्नांवर सराव करून, सोलापूर किंवा जळगावहून थेट हैदराबाद गाठलेली मुले मी पाहिली आहेत. चाळणी मोडून टाका म्हणणे सोपे. तिच्या जागी पुन्हा ‘आपल्यातला वाटतो’ हा निकष येऊन बसला तर ती मुले सर्वांत आधी बाहेर फेकली जातील.

यंत्र शेजारी बसल्यावर

२०२२ नंतर या सगळ्याला नवे वळण लागले. प्रश्न टाकला की प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे आली, आणि लीटकोडसारखे ठरीव प्रश्न हा त्यांच्या हातचा मळ. पडद्यावरच्या मुलाखतीत दुसऱ्या खिडकीतून उत्तर उतरवणे सोपे झाले. २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने मुलाखतकाराला न दिसता उत्तरे पुरवणारे साधनच बनवून विकायला काढले. त्याच वर्षी गूगलचे सुंदर पिचाई यांनी किमान एक फेरी प्रत्यक्ष समोरासमोर घेण्याकडे परत वळत असल्याचे सांगितले. दुसऱ्या काही ठिकाणी उलट वाट धरली जात आहे : यंत्र वापरा, पण त्याने लिहिलेल्यात काय चुकले आहे ते दाखवा.

मला ही दुसरी वाट अधिक बरी वाटते. बायनरी सर्चची गोष्ट पुन्हा आठवा. लिहिणे यंत्राकडे गेले, पण जे वर्षानुवर्षे बरोबर मानले गेले त्यात खोट आहे हे ओळखणारी नजर माणसाकडेच मागितली जाणार आहे. आणि ती नजर १८९ प्रश्न पाठ करून येत नाही. म्हणून माझ्या सत्रांत मी आता लिहिलेला, चालणारा, पण कुठेतरी मोडका प्रोग्रॅम समोर ठेवतो. सुरुवातीची दहा मिनिटे कॅमेरा आणि माइक बंद करून उमेदवाराला एकटे सोडतो. आणि समोरचा मराठी आहे असे कळले तर सांगतो, ‘मराठीत बोललात तरी चालेल.’ प्रश्न सर्वांना तोच, गुण देण्याचे निकष आधी लिहून ठेवलेले. संशोधनात जे टिकले आहे ते एवढेच आहे, आणि ते करायला कुठल्याही कंपनीला जादा पैसा लागत नाही.

ज्या घरांत हे ‘प्रिपरेशन’ चालू आहे तिथल्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट. नकाराचे पत्र आले तर ते मुलाच्या किंवा मुलीच्या बुद्धीचे प्रमाणपत्र समजू नका. होकाराचे पत्रही तसे नसते. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० माणसे कमी केली. तीही अशाच चाळणीतून निवडलेली होती. ही पारख ४५ मिनिटांची आहे आणि तिच्या अधिकाराची मुदतही साधारण तेवढीच.